टाइमशीटमध्ये खरे तास लिही

हिंजवडीत आयटीतली पहिली नोकरी आणि सहाव्या महिन्यातच रात्री अकराचं जेवण? मीही त्यातून गेलोय, म्हणून स्पष्ट सांगतो.

आधी टाइमशीट. बारा तास राबून आठच भरतोयस ना? मीही तेच करायचो, ‘नवा आहे, हळू आहे’ असं वाटू नये म्हणून. झालं काय, तर पुढच्या कामाचा अंदाज त्या खोट्या आठ तासांवरच बांधला गेला आणि आम्ही आणखी गाळात. खरे तास लिही. मॅनेजर कुरकुरेल, कुरकुरू दे. माणसं कमी आहेत हे वर दाखवायला त्यालाही आकडाच लागतो.

दुसरं, अमेरिकेचे कॉल. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठ. कॉल उशिरा असेल तर ऑफिसला उशिरा जा, किंवा लवकर निघून तो घरून घे. हे आधीच बोलून ठेव. न विचारता कोणी देत नाही.

आठवड्याला सत्तर तास राबा असा सल्ला देणारे खुशाल देवोत. आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, 35 ते 40 तास करणाऱ्यांपेक्षा सुमारे 35 टक्के जास्त, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये सांगितलंय.

रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती द्यायच्या, आठवड्यात मात्र उशिरापर्यंत थांबावं लागतं, तिथे नखरे नकोत. नंतर बदली सुट्टी माग, तीही मेलवर.