तेरा वर्षांचा धावपटू आणि दैनंदिन मालिकेची विचारणा

प्रश्न : माझा मुलगा 13 वर्षांचा आहे, आठवीत शिकतो. 100 आणि 200 मीटर धावतो. यंदा शालेय स्पर्धेत 14 वर्षांखालील गटात विभागापर्यंत पोहोचला. शाळेच्या नाटकातलं त्याचं काम पाहून एका दैनंदिन मालिकेसाठी बोलावणं आलं, ऑडिशन झाली, आता ‘दोन दिवसांत कळवा’ म्हणतात. त्याला दोन्ही हवंय. त्याचे बाबा म्हणतात, दहावीपर्यंत दोन्ही बंद. काय करावं? – एक आई

नमस्कार ताई,

या मालिकेला नकार द्या, अभिनय मात्र चालू ठेवा. दोन्ही बंद करण्याचा उपाय सर्वांत महागात पडेल, कारण त्यात धावण्याची जी वर्षं जातील ती परत मिळत नाहीत.

दोन्ही क्षेत्रांची घड्याळं वेगळी चालतात. राष्ट्रीय नाट्य विद्यालय किंवा पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेचा अभिनयाचा अभ्यासक्रम घ्यायचा तर आधी पदवी लागते, म्हणजे ते दार अजून सातआठ वर्षांनी उघडणार आहे. धावण्यातले 16, 18 आणि 20 वर्षांखालचे गट तोवर संपलेले असतील. आधी खेळ आणि मग अभिनय हा क्रम जमतो. प्रवीणकुमार सोबती यांनी 1966 आणि 1970 च्या आशियाई स्पर्धांत थाळीफेकीचं सुवर्ण मिळवलं. ‘महाभारत’ मालिकेतला भीम त्यांनी साकारला तो 1988 नंतर. उलटा क्रमही दिसतो, पण तो वेगळ्या खेळांत. हॉलिवूडची अभिनेत्री जीना डेव्हिस चाळिशीनंतर तिरंदाजी शिकली आणि 1999 मध्ये अमेरिकेच्या ऑलिम्पिक निवड चाचणीच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली. तिरंदाजीत ते जमतं, 100 मीटरला जमत नाही.

आता दैनंदिन मालिकाच का नको? तिला संपण्याची तारीख नसते. पटकथा बरेचदा आदल्या रात्री किंवा सेटवरच हातात येते, कथेतला त्याच्या पात्राचा भाग वाढला की तारखाही वाढतात. शालेय स्पर्धेची शिडी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी चढते आणि एकही पायरी चुकली की ते वर्ष गेलं. त्यातच या वयात मुलांची उंची झपाट्याने वाढते. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात, म्हणून टाच आणि गुडघ्याखालचा भाग दुखतो. अशा काळात झोप तुटली की दुखापतीचा धोका वाढतो. 13 ते 18 वयाला रोज 8 ते 10 तास झोप लागते, आणि सकाळचं मैदान, शाळा, सेट असा दिवस गेला की सगळ्यात आधी तीच कापली जाते.

त्याऐवजी ज्याला पहिला आणि शेवटचा दिवस असतो ते काम घ्या : जाहिरात, लघुपट, चित्रपटातली ठरावीक दिवसांची भूमिका, बालनाट्य, डबिंग. डबिंगकडे लोक दुर्लक्ष करतात, पण आवाज आणि उच्चार तिथे जसे घासले जातात तसे कुठेच नाहीत, शिवाय पायांना पूर्ण विश्रांती. पुढच्या ऑडिशनसाठी सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच चित्रित केलेला अभिनयाचा व्हिडिओ, घरीच करा. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, मागे साधी भिंत, उजेड समोरून. समोरचे संवाद वाचणारा लेन्सच्या अगदी शेजारी उभा राहावा, नाहीतर मुलाची नजर भलतीकडे जाते. जन्मतारीख खरीच द्या. ‘अकराचा दिसतो’ म्हणून वय कमी लिहिलं, तर खेळातल्या वयाच्या पडताळणीत तेच प्रोफाइल तुमच्या विरोधात उभं राहील. नोंदणी, पोर्टफोलिओ किंवा ‘आर्टिस्ट कार्ड’साठी कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

काम घेताना कायदा माहीत हवा. बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांनुसार 14 वर्षांखालच्या कलाकाराला दिवसात 5 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ती 6 महिने चालते. पालकांची लेखी संमती लागते, आणि जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत मेख अशी की हे नियम 14 पूर्ण होईपर्यंतचे आहेत. पुढच्या वाढदिवसानंतर त्यांच्यावर विसंबता येणार नाही, म्हणून तासांची हीच अट करारात शब्दशः लिहून घ्या. स्पर्धेच्या तारखा आणि त्याआधीचे चार दिवस मोकळे, धोक्याच्या दृश्यात डमी (बदली कलाकार), सेटवरच्या दुखापतीचा खर्च निर्मात्याचा, या ओळीही त्यातच. तोंडी ‘हो हो, बघू’ला काही अर्थ नसतो.

धावपटू मुलांचा सेटवर सगळ्यात जास्त घात करतो तो पळण्याचा शॉट. ‘हा तर धावपटूच आहे’ म्हणून त्याला साध्या बुटांत, फरशीवर, पूर्ण वेगाने आठदहा टेक पळवतात. दोन टेकच्या मधे लाइट बदलायला वीस मिनिटं जातात, तेवढ्यात शरीर थंड होतं आणि पुढच्याच टेकला मांडीचा मागचा स्नायू ओढला जातो. म्हणून पहिल्या टेकआधी 15 मिनिटं वॉर्मअप, प्रत्येक खंडानंतर पुन्हा 5 मिनिटं. पूर्ण वेगाचे टेक तीनचारच, बाकीचे सत्तर टक्क्यांत. कॅमेऱ्याला हा फरक सहसा कळत नाही. दिग्दर्शकाला हे तुम्ही सांगा, मूल सांगू शकत नाही.

शूटिंगच्या दिवशी वेगाचा सराव नको, हलकं जॉगिंग आणि मोबिलिटी (सांधे मोकळे करणारे व्यायाम) पुरे. वेगाच्या दोन सत्रांत 48 तासांचं अंतर ठेवा. आठवड्याचे सरावाचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्याच्या आत, म्हणजे तेराच्या आत ठेवा, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. त्या सुट्टीत शूटिंग घातलं तर ती सुट्टी उरत नाही, हे प्रशिक्षकांना आधीच सांगून आठवडा मांडा.

सेटवर सर्दीची गोळी कुणीही प्रेमाने देतं. काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन असतं आणि स्पर्धेच्या काळात लघवीत ते प्रति मिलिलिटर 150 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आढळलं तर तो डोपिंगचा गुन्हा ठरतो. लहान वय ही सबब चालत नाही. औषध फक्त तुमच्या हातून आणि घटक वाचून.

पैशांचं थोडक्यात. मुलाचं स्वतःचं पॅन कार्ड काढा. मानधनाचा किमान 20 टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवा, हे बालकामगार कायद्याच्या त्याच नियमांत आहे. कलेतून मिळालेलं मानधन त्याचं स्वतःचं उत्पन्न धरलं जातं, मात्र ठेवीवरचं व्याज आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. विवरणपत्र भरताना हे व्याज मुलाच्याच नावावर दाखवण्याची चूक फार होते.

त्याच्या बाबांची दहावीची चिंता रास्त आहे. त्यांना बंदीऐवजी आकडा द्या : वर्षात शूटिंगचे 15 दिवस, तेही शक्यतो सुट्टीतले, आणि दहावीच्या वर्षी शून्य. मुलगाही हे मान्य करेल, कारण त्याच्या दोन्ही गोष्टी त्यात शाबूत आहेत.

मालिकेच्या लोकांना फोन करू नका, फोनवर मन वळवलं जातं. असा मेसेज पाठवा : ‘निवडीबद्दल आभार. तो राज्यस्तरासाठी सराव करतो, त्यामुळे दैनंदिन मालिका शक्य नाही. 5 ते 10 दिवसांचं काम असल्यास जरूर कळवा. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या तारखा देता येतील.’ सोबत त्याची सेल्फ टेप जोडायला विसरू नका.