थकवा, थायरॉइड आणि आयोडीनच्या गोळ्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, वय ३८. वर्ष होऊन गेलं, सकाळी उठतानाच अंग गळून गेल्यासारखं वाटतं, दुपारनंतर तर डोळे उघडे ठेवणं मुश्किल. केस गळतात, वजनही वाढलंय. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केला तो ३.१ आला, हिमोग्लोबिन १२.२. डॉक्टर म्हणाले सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. मग एका ग्रुपवर वाचलं की रिपोर्ट नॉर्मल असला तरी आतून आयोडीन कमी असू शकतं, मनगटावर आयोडीन लावून बघा, डाग लवकर गेला तर कमतरता. माझा चार तासांत गेला. म्हणून गोळ्या मागवल्या, बाटलीवर १२.५ लिहिलंय, रोज एक घेते. किती दिवस घेऊ?

उत्तर : ताई, आजपासूनच बंद करा. आणि ती बाटली हातात घेऊन १२.५ च्या पुढे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. मिलीग्रॅम असणार, कारण आयोडीनच्या १२.५ च्या गोळ्या मिळतात त्या मिलीग्रॅमच्याच. आपली गरज मात्र मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, मोठ्या माणसाला दिवसाला १५०, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. एक मिलीग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, म्हणजे तुमची एक गोळी झाली १२,५०० ची, गरजेच्या ऐंशी पटीहून जास्त! मोठ्या माणसाने रोज ११०० च्या वर जाऊ नये असं अमेरिकेतले तज्ज्ञ सांगतात, युरोपात तर ही मर्यादा ६०० च आहे.

यावर ग्रुपवाले म्हणतील की जास्तीचं लघवीतून निघून जातं. बरंचसं जातं हे खरंय, पण जाण्याआधी ते ग्रंथीपाशी पोचतं ना. आयोडीन एकदम भसाभस आलं की थायरॉइड ग्रंथी हॉर्मोन बनवणंच थांबवते, वुल्फ आणि चायकॉफ या दोन संशोधकांनी १९४८ मध्येच उंदरांवर हे दाखवलं होतं. निरोगी ग्रंथी काही दिवसांत पुन्हा कामाला लागते. पण ज्यांना हाशिमोटो आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलीय, त्यांची ग्रंथी बरेचदा तशीच अडकून बसते आणि थायरॉइड खरोखरच कमी होतो. ग्रंथीत गाठी असतील तर उलटं, हॉर्मोन नको इतकं बनायला लागतं आणि छातीत धडधड सुरू होते. जिथे लोकांना आयोडीन पुरेसं मिळतं तिथे थायरॉइड कमी होण्याचं सगळ्यात मोठं कारण हाशिमोटोच आहे, आणि तो पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो, म्हणजे या गोळ्या ज्यांना गळ्यात मारल्या जातात त्यांनाच त्या सगळ्यात जास्त बाधायची शक्यता. मला खरा राग याचा येतो.

मनगटावरच्या डागाचं विसरून जा. आयोडीन हवेत उडून जातं, त्वचा कोरडी की ओलसर, खोलीत किती गरम होतंय यावर डाग किती टिकतो ते ठरतं, पोटातल्या आयोडीनशी त्याचा काही संबंध नाही. लघवीतलं आयोडीन तपासतात ते खरं, पण एकाच माणसाचा आकडा सकाळी एक आणि उद्या भलताच येतो, त्यामुळे ती तपासणी अख्ख्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला चांगली, एकट्या तुमचं निदान करायला नाही. स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ असेल, आहारात दूध, अंडी, मासे यातलं काही येत असेल तर कमतरतेची शक्यता कमीच. यातलं काहीच खात नसाल आणि मीठही गुलाबी किंवा नुसतं समुद्री वापरत असाल तर विचार करायला हवा, कारण त्या मिठांत आयोडीन नगण्य असतं. तरी उपाय मीठ बदलणं हाच. आणि टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा मेंदूकडचा हुकूम, आयोडीनअभावी हॉर्मोनच बनत नसतं तर तो वर चढला असता, ३.१ वर बसला नसता.

आता थकव्याकडे येऊ, कारण तो तर आहेच ना! टीएसएच नॉर्मल आला याचा अर्थ थकव्याचं कारण बहुतेक थायरॉइड नाही एवढाच, "तुम्हाला काही झालेलं नाही" असा नाही. "टेन्शन घेऊ नका" हे काही निदान नव्हे. हिमोग्लोबिन १२.२ म्हणजे काठावर पास, म्हणून पुढच्या वेळी फेरिटिन नावाची तपासणी मागून घ्या, शरीरात लोहाचा साठा किती शिल्लक आहे ते त्यातून कळतं. हिमोग्लोबिन ठीक दिसत असताना हा साठा खाली गेलेला असू शकतो आणि नुसत्या तेवढ्यानेही माणूस थकतो. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर हे हमखास सांगा, आपण बायका सांगतच नाही, आणि डॉक्टर विचारतीलच असंही नाही. गंमत म्हणजे थायरॉइडचं हॉर्मोन बनवणाऱ्या एंझाइमलाही लोह लागतंच.

बरोबर बी-१२, साखर, किडनी आणि लिव्हरच्या साध्या तपासण्या. झोपेत घोरता का, तोंड कोरडं पडून जाग येते का हे घरच्यांना विचारा, झोपेत श्वास अडकण्याचा आजार बायकांमध्ये सर्रास सुटून जातो कारण त्या घोरण्याची तक्रार न करता फक्त "दमले" म्हणतात. मन सतत उदास असेल तर तेही सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि एक लक्षात ठेवा, थोडं जास्त काम केलं की लगेच नाही पण दुसऱ्या दिवशी पार आडवं व्हायला होतं, झोपूनही ताजं वाटत नाही, असं महिनोन्महिने चालू असेल तर तो एमई-सीएफएस नावाचा वेगळा आजार असू शकतो, तिथे "जरा व्यायाम करा" हा सल्ला उलटा पडतो.

गोळ्या घेतल्याचं डॉक्टरांना नक्की सांगा आणि महिना-दीड महिन्याने टीएसएच, फ्री टी-४ (थायरॉइडचं हॉर्मोन) आणि एकदाच अँटी-टीपीओ (हाशिमोटो आहे का ते बघायची तपासणी) करून घ्या.

प्रश्न : आईचं वय ६८, टीएसएच ६.२, टी-४ नॉर्मल. खूप दमते. मी म्हणते गोळी सुरू करू, डॉक्टर म्हणतात थांबू. हयगय तर होत नाहीये ना?

उत्तर : नाही, डॉक्टर बरोबर आहेत. वय वाढतं तसा टीएसएच थोडा वर सरकतोच. युरोपात ६५ च्या पुढच्या ७३७ लोकांवर, ज्यांचा टीएसएच साधारण तुमच्या आईसारखाच होता, अभ्यास झाला, निम्म्यांना थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) आणि निम्म्यांना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. २०१७ मध्ये निकाल आला, वर्षभराने टीएसएच खाली आला पण थकव्यात दोन्ही गटांत काही फरक नाही. गोळी विनाकारण जास्त झाली तर या वयात हृदयाचे ठोके बिघडणं आणि हाडं ठिसूळ होणं ही भीती असते. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच परत करा, १० च्या वर टिकून राहिला तर गोळीचं बोलू. तपासणीआधी दोन-तीन दिवस केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या बंद ठेवा, त्यामुळे आकडे चुकीचे येतात. आणि आईच्या थकव्याचं दुसरं कारण शोधणं थांबवू नका.

प्रश्न : बाळ सहा महिन्यांचं आहे. आधी धडधड, चिडचिड, वजन भराभर उतरलं, आता उलट, उठवतच नाही. सगळे म्हणतात बाळंतपणानंतर असं होतंच.

उत्तर : रात्रीचं जागरण असतं हे मान्य, पण आधी धडधड आणि नंतर असं गळून जाणं हा क्रम ऐकला की मी टीएसएच करायलाच सांगते. बाळंतपणानंतर काही बायकांच्या थायरॉइडला सूज येते, साठलेलं हॉर्मोन आधी एकदम रक्तात सांडतं आणि मग ग्रंथी काही महिने सुस्त पडते. बहुतेकींचं वर्ष-दीड वर्षात आपोआप सुधारतं, काहींना मधल्या काळात गोळी लागते, थोड्याजणींना कायमची. अंगावर पाजताना थायरॉक्सिन चालतं. पुढचं बाळ ठरवायच्या आधी मात्र टीएसएच पुन्हा करा, कारण पहिले तीन महिने बाळाचं सगळं आईच्याच हॉर्मोनवर चालतं.

प्रश्न : थायरॉइडची गोळी सकाळी चहाबरोबर घेते, लगेच लोहाची पण घेते म्हणजे विसरायला नको. तरी टीएसएच ९ च्या खाली येत नाही. डोस वाढवू का?

उत्तर : डोसला हात लावू नका, आधी वेळ बदला. थायरॉक्सिन उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियम चार तासांनी, ते थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतात, म्हणून लोहाची गोळी सरळ दुपारवर ढकला. असं सहा ते आठ आठवडे करून मग टीएसएच करा, त्याआधी केला तर आकडा अर्धवटच दिसेल.