मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग हा एकच स्नायू असतो का? आणि तो जोरात पळतानाच का दुखावतो?

खुर्चीच्या कडेवर बसा, टाच जमिनीत रोवा आणि पाय न हलवता ती मागे ओढायचा जोर लावा. आता गुडघ्याच्या लवणीत हात घाला. दोन्ही बाजूंना ताठ दोऱ्या लागतील. हॅमस्ट्रिंगची खालची टोकं ती हीच.

म्हणजे एक नाही, तीन स्नायू. बाहेरची जाड दोरी बायसेप्स फेमोरिसची. ती चाचपत खाली गेलात तर टेंगळासारखं हाड लागतं, तिथे ती चिकटते. आतल्या बाजूची बारीक, उठून दिसणारी दोरी सेमीटेंडिनोससची आणि तिच्याखाली दडलेला, रुंद तो सेमीमेम्ब्रेनोसस. लाकडी बाकावर बराच वेळ बसलं की जे हाड रुततं, तिथून तिघंही निघतात. बायसेप्सला मात्र दोन डोकी, म्हणजे उगमाकडच्या दोन शाखा; त्यातलं फक्त आखूड डोकं मांडीच्या हाडावरून निघतं, त्याला हुकूम देणारी नसही वेगळी. त्याला खरा हॅमस्ट्रिंग न मानणारेही आहेत.

बाकीचे खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतात. मांडी मागे नेणं आणि गुडघा वाकवणं, दोन्ही कामं त्यांची. म्हणून तर गुडघे ताठ ठेवून ओणवं झालं की मागून ओढ बसते आणि गुडघे जरा वाकवले की हात सहज खाली जातात.

आता पळण्याचं. कॉलेजात मी खो-खो खेळायचो. एकदा खांबाकडे सुसाट जाताना मांडीवर मागून कोणीतरी दगड मारल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर मागे कोणीच नाही! जोर जास्त लावला म्हणून स्नायू फाटला, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो आवरताना फाटतो. पळताना पाय पुढे झेपावतो, नडगी वेगानं सरळ होऊ लागते, आणि पाऊल टेकायच्या आत तिला आवरायचं काम हॅमस्ट्रिंगचं. त्या क्षणी तो लांबतही असतो आणि आवळून धरतही असतो. विहिरीत भरली घागर सोडताना दोर सरकू देत धरावा लागतो, आणि हात सोलवटतात ते तेव्हाच. या ओढीत बहुतेक वेळा बायसेप्सचं लांब डोकं दुखावतं. 2017 साली लंडनला उसेन बोल्ट शेवटच्या रिलेत डाव्या मांडीची मागची बाजू धरून खाली पडला, तोही भर वेगात.

माझं दुखणं तीन आठवड्यांत गेलं. मी लगेच पाटीवर जाऊन बसलो आणि पहिल्याच खोला उठताना तिथेच पुन्हा चमक भरली. चालताना दुखत नाही म्हणजे बरं झालं, हा हिशेब इथे चालत नाही. नुसतं ताणून भागत नाही, लांबत असताना जोर धरायची सवय लावावी लागते. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून शक्य तितकं सावकाश पुढे झुकायचं. नॉर्डिक म्हणतात त्याला. पहिल्या दिवशी दोन-तीनच करा, दुसऱ्या दिवशी जिना चढताना माझी आठवण येईल.

दुखताना 'कट्' आवाज आला असेल, मांडी काळीनिळी पडली असेल किंवा बसायच्या हाडापाशीच दुखत असेल, तर व्यायामाच्या नादी न लागता डॉक्टरांना दाखवा. कधी कधी दोरी हाडापासूनच सुटलेली असते. आणि कळ कमरेतून निघून पोटरीपर्यंत मुंग्या येत असतील, तर संशय हॅमस्ट्रिंगपेक्षा कमरेतून पायात उतरणाऱ्या सायटिक नसेवर घ्या.