गुद बाहेर आलं, प्रदर्शन सहा आठवड्यांवर

प्रश्न : प्रदर्शनासाठी वाढवलेला आमचा खच्ची केलेला गोऱ्हा १४ महिन्यांचा, वजनाला अंदाजे ४०० किलो आहे. दोन महिन्यांपासून दाण्याचा खुराक वाढवलाय. बसला की गुदद्वारातून लिंबाएवढा लाल गोळा दिसायचा, उठला की आत जायचा. कालपासून तो मुठीएवढा झालाय आणि आत जात नाही. आम्हीच ढकलला तर चालेल का?

उत्तर : नको. भूल न देता ढकललंत की जनावर उलट जोराने कुंथतं आणि सुजलेलं अस्तर बोटांखाली फाटतं. डॉक्टरांना लगेच बोलवा. तोवर हातमोजे घालून गोळा कोमट पाण्याने धुवा आणि स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून ठेवा. शेपटी एका बाजूला बांधा. जनावर इतरांपासून वेगळं ठेवा, नाहीतर दुसरी जनावरं चाटतात, कावळे टोचतात.

सूज उतरवायला साधी बारीक साखर उत्तम. गोळ्यावर जाडसर पसरून १५-२० मिनिटं ठेवली की ती सुजेतलं पाणी ओढून घेते आणि गोळा आकसतो. मीठ चोळू नका. आग होऊन कुंथणं वाढतं.

डॉक्टर आधी गोळा आणि गुदाची कड यांच्यामध्ये बोट घालून पाहतील. बोट लगेच अडलं तर फक्त गुदाशय बाहेर आलाय. ते खोलवर सहज गेलं तर आतलं आतडं एकात एक शिरून बाहेर आलंय. तो प्रकार ढकलून सुटत नाही, शस्त्रक्रियाच लागते. अस्तर गुलाबी-लाल आणि ओलसर असेल तर आशा चांगली. काळपट, थंड, चामड्यासारखं झालं असेल तर तेवढा भाग कापावा लागतो.

मग शेपटीच्या मुळाशी, मणक्यात २ टक्के लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन. या वजनाला साधारण ४ मिली पुरतं. जास्त दिलं तर मागचे पाय लुळे पडून जनावर कोसळतं. शेपटी लोंबकळली की भूल चढली. त्यानंतर भरपूर जेली लावून तळहाताने सावकाश आत ढकलायचं, बोटांच्या टोकांनी नाही. शेवटी गुदाभोवती बटव्याच्या नाडीसारखा टाका, जाड पट्टीच्या दोऱ्याने, दोन बोटं जातील एवढी वाट ठेवून. गाठ सरकफासाची असावी, म्हणजे शेण अडलं तर सैल करता येते. टाका ५ ते ७ दिवसांनी काढतात. घट्ट टाक्यामागे शेण साचलं की गोऱ्हा पुन्हा कुंथतो आणि टाका कातडी फाडून निघतो.

इथवरचं काम तासाभराचं. तो कुंथतोय कशाने, हे सापडलं नाही तर टाका काढल्यावर गोळा परत येणार. शेण बघा : पातळ, बुडबुड्यांचं, त्यात न पचलेले दाणे असतील तर खुराक जास्त होतोय. दाणा निम्म्यावर आणा, लांब काडीची वाळली वैरण पोटभर द्या. शेणात रक्त आणि शेंबडासारखी आव दिसली तर रक्ती हगवणीसाठी शेण तपासून घ्या. खोकला असेल तर प्रत्येक ढासेला पोटाचा दाब मागे येतो. आधी खोकल्यावर इलाज करा.

आणि लघवी बघाच. खच्ची केलेल्या नराची मूत्रनळी अरुंद, शिवाय दाण्यात फॉस्फरस जास्त, त्यामुळे मुतखडा अडकतो. त्यामुळे गोऱ्हा कुंथतो तेव्हा मालकाला बद्धकोष्ठ वाटतं, तेल पाजलं जातं आणि इकडे मूत्राशय फुटतं. लघवी थेंबथेंब होतेय का, लिंगाच्या आवरणाच्या टोकावरचे केस कोरडे आहेत का, त्यांवर वाळूसारखे कण लागलेत का, एवढं रोज पाहा. पुढे आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण २:१ राखा, मीठ आणि पाणी मुबलक ठेवा.

बऱ्याच गोठ्यांत जमिनीचा उतार मागे गटाराकडे असतो. चरबी चढलेलं जनावर अशा जागी बसलं की सगळं पोट मागे रेलतं. मागच्या बाजूला माती आणि गवत घालून जागा १०-१५ सेंटीमीटर उंच करा. हा बिनखर्चाचा उपाय लोक सगळ्यात शेवटी करतात.

कुंथण्याबरोबर लाळ गळणं, आवाज बदलणं, मागे लटपटणं दिसलं तर तोंडात हात घालू नका. रेबीज असू शकतो.

प्रश्न : प्रदर्शनाला नेता येईल का?

उत्तर : टाका निघून दोन आठवडे गोळा दिसला नाही तर नेता येईल. टाका असताना गाडीत चढवू नका. दिलेल्या प्रत्येक औषधाची तारीख लिहून ठेवा. प्रतिजैविकं आणि वेदनाशामकांना मांसासाठी ठरावीक थांबण्याचा काळ (शेवटच्या डोसनंतर जनावर कापण्याआधी जाऊ द्यायचे दिवस) असतो आणि प्रदर्शनानंतर जनावर कत्तलीला जाणार असेल तर तो पाळावाच लागतो. वजन मागे पडेल म्हणून शेवटच्या पंधरवड्यात दाणा एकदम वाढवलात तर गोळा रिंगणातच बाहेर येईल.