बाळाच्या नाळेतलं रक्त साठवायला ७५ हजार भरू का?

प्रश्न: वय ३४, पुण्यात नोकरी. शिक्षिका असलेल्या आईला ४९व्या वर्षी अल्झायमर निघाला. तपासणीत प्रेसेनिलिन-१ या जनुकात दोष सापडला. माझी तपासणी अजून केलेली नाही. पत्नीला सातवा महिना आहे. नाळेतलं रक्त साठवणारी एक कंपनी ७५ हजार मागते. जनुकात बदल केलेल्या मूलपेशींवर (म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होतात अशा पेशींवर) आनुवंशिक अल्झायमरचं संशोधन चाललंय, असं त्यांच्या माहितीपत्रकात आहे. अडीअडचणीसाठी ठेवलेली एफडी मोडू का?

उत्तर: मोडू नका.

संशोधन खरं आहे, पण त्याचा नाळेशी काडीचा संबंध नाही. जपानमधल्या क्योटोचे शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी मूलपेशींसारख्या करून दाखवल्या. म्हणजे उद्या कुणाला तुमच्या बाळाच्या अशा पेशी हव्याच असल्या, तर त्या विसाव्या वर्षीही थोड्याशा रक्तातून तयार करता येतील. मग वीस वर्षं फ्रीजरचं भाडं कशाला?

२०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या गटाने क्रिस्पर हे जनुकात नेमका बदल करायचं तंत्र वापरून मानवी मूलपेशींमध्ये नेमके हे आनुवंशिक दोष घातले आणि त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी वाढवल्या. दोष घातलेल्या पेशींमध्ये अमायलॉइड बीटा, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, जास्त तयार झालं. दोन बशा शेजारी शेजारी, पेशी एकाच माणसाच्या, फरक जनुकातल्या एखाद्या अक्षराचा. त्यामुळे बिघाड त्या अक्षरानेच झाला, हे ठामपणे सांगता येतं. हा सगळा आजार समजून घेण्याचा खटाटोप आहे. त्या पेशी कुणाच्या डोक्यात घातलेल्या नाहीत. आपल्याकडे बंगळुरूत निम्हान्स ही मेंदू-मनाच्या आजारांची संस्था आणि एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था मिळून रुग्णांच्या रक्तापासून अशा पेशी तयार करतात, तेही कुणाकडून साठवणुकीचं भाडं न घेता.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात नाही. हा दोष तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी, बाळात असण्याची पाव. बाळात तो असलाच, तर नाळेतल्या रक्तातही तोच असणार! शिवाय त्या रक्तातल्या मूलपेशी मुख्यतः रक्त तयार करणाऱ्या. स्वतःच्याच भावी वापरासाठी नाळेचं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे.

आता खऱ्या खर्चाकडे वळू. आईला सांभाळणाऱ्या दिवसभराच्या बाईंना महिना १५ हजार देता, असं तुम्ही लिहिलंय. ७५ हजार म्हणजे त्यांचा पाच महिन्यांचा पगार. ती एफडी त्यासाठीच राहू द्या.

मला जास्त काळजी वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीची: सही जुळत नाही म्हणून आईचा चेक परत आला. माझ्या लेखी पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच. आईला व्यवहार कळतोय तोवर खात्यावर तुमचं नाव संयुक्त करून घ्या, नॉमिनेशन तपासा आणि समज शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडून मृत्युपत्र करा. कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका. आईची समज गेली की ते टिकत नाही, आणि मग पालक नेमून घ्यायला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

तुमच्यासाठी टर्म विमा जनुक तपासणीच्या आधीच घ्या. मात्र आईवडिलांच्या आजारांच्या रकान्यात आईचा आजार वयासकट लिहा. हप्ता चढा लागेल, कदाचित एखादी कंपनी नाहीही म्हणेल. पण लपवलंत, तर क्लेमच्या वेळी पत्नीला भोगावं लागेल. तपासणी करायची की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, पण त्याआधी जनुक समुपदेशकाकडे जा. थोडे पैसे तिथे खर्च झाले तर चालतील.

आई सकाळी ताजीतवानी असते, असं तुम्हीच म्हणता. मग या आठवड्यात सकाळी दहाच्या ठोक्याला तिला बँकेत न्या आणि सहीचा नवा नमुना तेव्हाच देऊन टाका.