पळायला नुकतीच सुरुवात केलीस ना, मग हे वाच

अरे पहिल्याच आठवड्यात 5 किलोमीटर कशाला? शिवाजी पार्कची बाहेरून एक फेरी साधारण 1.2 किलोमीटर होते, तेवढी पुष्कळ झाली. 1 मिनिट पळ, 2 मिनिटं चाल, आणि शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच स्पीडने, बोलताना धाप लागली की समज घाई होतेय.

- एक दिवसाआड पुरे. नडगी दुखत असताना दामटू नकोस, मी दामटलं आणि तीन आठवडे घरी बसलो.
- बुटात बोटांपुढे अंगठाभर जागा हवी. घड्याळ, अ‍ॅप वगैरे आत्ता नकोच.

आणि कंटाळ्याचं म्हणशील तर कुणालातरी सहाला कट्ट्यावर बोलावून ठेव, तो बिचारा ताटकळत असतो म्हणून तरी आपण उठतो, रविवारी नंतर मिसळ ठरलेली असली की मग बघायलाच नको (रोज नाही हां!)