पारायण अर्धवट राहिलं, देव कोपला असेल का?

"मावशी, गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसले होते. तिसऱ्या दिवशी वाचन चालू असतानाच यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. पोथी तशीच सोडून दवाखान्यात धावले. जीव वाचला, पण उजवा हात अजून उचलत नाही. जाऊबाई म्हणाल्या, अर्धवट पारायण बाधतं. तेव्हापासून देवघरापुढे जायची भीती वाटते, सांजवात मुलगी लावते. देवाचा रागही येतो आणि त्याची गरजही कधी नव्हे इतकी आहे. काय करू?"

ताई, आधी काय घडलं आणि मग काय, ते नीट बघा. झटका आला तेव्हा तुम्ही वाचत होतात. पोथी त्यानंतर सुटली. मग सुटलेल्या पोथीमुळे झटका कसा येईल? मेंदूचा रक्तपुरवठा बिघडला की हातपाय लुळे पडतात. गुठळीमुळे झटका आला असेल, तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. अध्याय संपवायला तुम्ही थांबला नाहीत, हे फार चांगलं केलंत. त्या घडीला तीच तुमची सेवा होती, असं मी मनापासून मानते.

सप्ताहात दुसऱ्या दिवशी एकविसाव्या अध्यायापर्यंत वाचायची रीत आहे, म्हणजे चौदावा तुमचा वाचून झाला होता. त्यातला सायंदेव आठवून बघा. क्रूर यवनाचं बोलावणं आलंय, जिवंत परतण्याची आशा नाही, अशा अवस्थेत तो श्रीगुरू नृसिंहसरस्वतींपुढे घाबऱ्याघुबऱ्या येतो आणि सगळं सांगून टाकतो. श्रीगुरू त्याला अभय देतात. ज्या पोथीची तुम्ही धास्ती घेतलीत, तिच्यातच हे आहे. संकटात कितीतरी घरांत हाच अध्याय रोज वाचतात.

आणि राग येतो म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. जनाबाईंनी विठोबाला शिव्या घातल्या. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची बायको गेली, मूल गेलं, दुकान बुडालं. पुढे त्यांनीही देवाला खडे बोल सुनावले. वारकऱ्यांनी ते अभंग गाळले नाहीत, जपले. इतकं हक्काचं भांडण माणूस आपल्या माणसाशीच करतो ना?

उद्या सांजवात तुम्ही लावा. सोवळं नको, उपास नको, स्तोत्रही नको. पोटात आहे ते मोठ्यानं बोला, रडू आलं तर रडा. सुरुवातीला धडधडेल. मुलीला शेजारी घेऊन बसा, पण बसा.

पारायण पुन्हा करायचं तर यजमान सावरल्यावर, आणि मनापासून वाटलं तरच. दंड भरल्यासारखं नको. कुणी दोष काढायला शांती सांगितली तर तो खर्च करू नका, ते पैसे फिजिओथेरपीला लागतील. जाऊबाईंशी वाद घालत बसू नका, त्याही घाबरल्या असतील.

इतकं करूनही रात्र रात्र झोप येत नसेल, तर डॉक्टरांना तुमचीही तब्येत दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन केलात तरी चालेल. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.